दोन मुली, एक रायफल : काढता-घालता येईल असे चीक पीस घरी कसे करावे?

कळंबा रोड (प्रश्न)

नमस्कार. माझी चौदा वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफल शिकते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्या आठवड्यात कोल्हापुरातील ज्या घरांत हट्ट सुरू झाला त्यांपैकी आमचे एक. तो हट्ट महिन्याभरात ओसरेल असे मला वाटले होते, परंतु तो ओसरला नाही.

स्वतःची रायफल घेणे आम्हाला सध्या शक्य नाही. प्रशिक्षण वर्गाकडे लाकडी स्टॉकची (खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याची) एक जुनी पीप साईटची रायफल आहे. पीप म्हणजे नेम धरताना ज्यातून पाहायचे ते डोळ्याजवळचे बारीक छिद्र. ती माझी मुलगी आणि तिची एक मैत्रीण अशा दोघी आलटून पालटून वापरतात. या रायफलीला गाल टेकवण्याचा भाग, म्हणजे चीक पीस, स्टॉकच्या लाकडातच कोरलेला आहे आणि तो वर-खाली होत नाही. मैत्रिणीचा चेहरा उभट असल्याने तिला तो बरोबर बसतो. माझ्या मुलीचा चेहरा गोल आणि लहान आहे. तिने गाल पूर्ण टेकवला की डोळा पीपच्या खाली जातो, म्हणून नेम धरताना ती गाल किंचित उचलून धरते. म्हणजे कातडी लाकडाला लागलेली असते, पण हाड टेकलेले नसते. पहिले वीस-पंचवीस शॉट चांगले जातात, मग मान भरून येते आणि शॉट वर-खाली पसरू लागतात.

सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "काहीतरी करून बघा, पण स्टॉकला भोक पाडायचे नाही, डाग पडू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या मुलीची पाळी आली की दोन मिनिटांत निघाले पाहिजे."

मी दोन प्रयोग केले. पहिल्यांदा घडी घातलेला नॅपकिन चिकटपट्टीने बांधला, तो दहाव्या शॉटपर्यंत सरकला. दुसऱ्यांदा योगा मॅटचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावला. पहिल्या दिवशी मुलगी खूष होती, परंतु आठवड्याभरात तो तुकडा मधोमध दबून खोलगट झाला आणि काढताना टेपबरोबर पॉलिशचा एक पापुद्रा निघून आला. त्याबद्दल सरांची क्षमा मागून झाली आहे. मी शाळेत गणित शिकवते, हत्यारे हाताळण्याची सवय मला नाही. उंची किती वाढवायची हे कसे ठरवावे, साहित्य कोणते घ्यावे आणि भोक न पाडता ते जागेवर कसे राहील, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. स्पर्धेत असे जोडलेले चीक पीस चालते का, हेही कळले तर बरे होईल.

जुना नेमबाज

ताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे. "कातडी लागलेली, हाड टेकलेले नाही" हे अनेकांना दोन-दोन वर्षे कळत नाही. चीक पीस म्हणजे गालाला मऊ वाटावे म्हणून लावलेली उशी, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तिचे खरे काम एवढेच, की डोक्याचे वजन रायफलीवर निर्धास्त सोडले तरी डोळा दर वेळी त्याच जागी यावा. डोके मानेच्या स्नायूंनी तोलून धरले तर त्यात दर वेळी केसभर फरक पडणारच. १० मीटरच्या निशाणावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो आणि त्यापुढचे प्रत्येक कडे २.५ मिमी रुंद असते. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ७० सेंमी अंतर धरा आणि त्यांच्या जुळणीत ०.२ मिमी चूक धरा. निशाणावर तो फरक जवळजवळ ३ मिमी होतो, म्हणजे एका कड्याहून अधिक. तुम्ही गणित शिकवता, तेव्हा समरूप त्रिकोण मी समजावून सांगण्याची गरज नाही.

काही बनवण्याआधी बट प्लेट, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकाचा खांद्याला टेकणारा भाग, तपासून घ्या. उभ्या पोझिशनमध्ये रायफल चेहऱ्यापर्यंत वर आली पाहिजे, चेहरा खाली वाकवून रायफलीकडे नेऊ नये. बट प्लेट वर-खाली सरकत असेल तर ती थोडी खाली घ्या, म्हणजे खांद्यावर टेकल्यावर संपूर्ण रायफल वर येते. एवढ्यानेच मानेचा निम्मा ताण जातो, असे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. बट लांब असेल तर मूल मान पुढे ताणते, तेही बघा. ही दोन्ही कामे सरांच्या समोर करा, कारण मैत्रिणीची मापे बदलून चालणार नाहीत. आधीच्या खुणा पेन्सिलने करून ठेवा.

त्यानंतर उंची. ती डोळ्यांनी अजमावू नका, मोजा. घरात पत्त्यांचा जुना कॅट असेल तर तो घ्या. बावन्न पत्त्यांची जाडी पट्टीने मोजून बावन्नने भागा, उत्तर साधारण ०.३ मिमी येईल. पंधरा पत्ते पातळ रुमालात गुंडाळून रंगाऱ्यांच्या कागदी टेपने स्टॉकच्या वरच्या कडेवर बसवा, त्या टेपने सहसा पॉलिश निघत नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) काढण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासून, मुलीला पूर्ण पोशाखात उभी करा. जॅकेट घातलेले असलेच पाहिजे, कारण जॅकेटच्या कॉलरमुळे आणि खांद्याच्या जाडीमुळे मान वेगळी बसते. तिने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, डोके सैल सोडावे, श्वास सोडावा आणि मगच डोळे उघडावेत. समोरची कडी, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या पुढच्या साईटमधली गोल कडी, पीपच्या मधोमध दिसली तर उंची बरोबर आहे. कडी पीपच्या खालच्या काठाकडे दिसली तर डोळा खाली आहे, पत्ते वाढवा. वरच्या काठाकडे दिसली तर पत्ते कमी करा. डोळे उघडल्यावर तिने डोके हलवून कडी मध्ये आणली तर ती चाचणी धरू नका. मुलांना चुकीचे उत्तर दुरुस्त करण्याची फार घाई असते.

हे एकदा नव्हे, दहा वेळा करा. नंतर चाळीस शॉट मारून झाल्यावर पुन्हा करा. ताज्या मानेचा आकडा आणि थकलेल्या मानेचा आकडा वेगळा येतो. सामना ६० शॉटचा आणि ७५ मिनिटांचा असतो, त्यामुळे थकलेल्या मानेच्या आकड्याला थोडे झुकते माप द्यावे असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. मुलगी उजव्या हाताची असेल तर तिचा गाल स्टॉकच्या डाव्या बाजूला लागतो. तेथे बाजूने जाडी वाढली की डोळा डावीकडे ढकलला जातो आणि कडी पीपच्या डाव्या काठाकडे दिसू लागते. तुमच्या योगा मॅटने उंचीबरोबर बाजूचीही जाडी वाढवली असणार. जाडी वरच्या कडेला हवी आणि बाजूला उतरत-उतरत ती जवळजवळ संपली पाहिजे.

चप्पल लाईन

नमस्कार ताई. आमच्या घरात तीन पिढ्या चप्पल करण्यात गेल्या. नेमबाजीतले मला फारसे कळत नाही, पण माझा भाचा दुधाळीच्या रेंजवर जातो आणि त्याच्यासाठी मी अशी एक गादी करून दिली आहे, म्हणून लिहितो.

योगा मॅट मुळात दबण्यासाठीच केलेली असते. तिच्यावर रोज तासभर त्याच जागी गालाचे हाड टेकले की तेथे खड्डा पडणारच. फोमच घ्यायचा असेल तर चप्पलच्या सोलची ईव्हीए शीट घ्या. ती नखाने दाबली तर खूण राहत नाही आणि रापीने (चामडे कापायच्या आमच्या पात्याने) तासता येते. पण माझी पसंती चामड्याला आहे. कोल्हापुरी चपलेच्या तळाला वापरतात ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले जाड चामडे टणक असते आणि घाम शोषून घेते. रेक्झिनवर घाम साचतो आणि गाल घसरतो, हे आपण बसच्या सीटवर नेहमीच अनुभवतो.

काम असे करावे. आधी जुन्या नेमबाजांनी सांगितल्याप्रमाणे पत्त्यांनी उंची ठरवा आणि ती कागदावर लिहून ठेवा. मग कागद स्टॉकवर ठेवून वरच्या कडेची आणि बाजूची फर्मा काढा. लांबी बारा-तेरा सेंमी पुरते. पुढच्या बाजूला फर्मा लोडिंग लिव्हरच्या वाटेत येत नाही ना, हे लिव्हर प्रत्यक्ष उघडझाप करून पाहा. भाच्याच्या वेळी मी ते पाहिले नाही आणि पूर्ण झालेल्या गादीचा कोपरा नंतर कापावा लागला. तळाच्या चामड्याचे जेवढे थर लागतील तेवढे कापा, परंतु प्रत्येक खालचा थर वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवा, म्हणजे पायऱ्या होतील. त्या पायऱ्या रापीने छिलून एकसंध उतार करा. बाजूला जाडी संपली पाहिजे असे वर म्हटले आहे, ते याच छिलण्याने साधते. थर चिकटवण्यासाठी रबर सोल्युशन दोन्ही पृष्ठांना लावून, हाताला चिकटेनासे झाल्यावरच जोडावे आणि हातोडीने मधून कडेकडे ठोकत जावे. ओलसर असतानाच जोडले तर आत हवा अडकते आणि गाल टेकवल्यावर ती जागा फुगीर लागते.

सगळ्यावर मेंढीचे किंवा बकऱ्याचे पातळ अस्तर लावा, त्याची गुळगुळीत बाजू गालाकडे येऊ द्या. लाकडाकडच्या बाजूला पातळ फेल्ट किंवा जुन्या ब्लँकेटचा तुकडा चिकटवा. त्याने पॉलिशला ओरखडा जात नाही आणि गादी सरकतही नाही. दोन्ही कडांना आरीने चार-चार भोके पाडून, बुटाची लेस ओवतात तशी वादी स्टॉकच्या खालून ओवा. गाठ गालाच्या विरुद्ध बाजूला येऊ द्या. तयार झालेली गादी एका रात्रीसाठी फळीखाली ठेवून वर पाणी भरलेली घागर ठेवा. पहिल्या महिन्यात चामडे थोडे बसते, ते रायफलीवर बसण्यापेक्षा घागरीखाली बसलेले बरे.

गालाच्या बाजूला तेल लावू नका. चपलेला तेल लावतात म्हणून भाच्याने हौसेने लावले, आणि पांढऱ्या जॅकेटच्या कॉलरला पडलेला तपकिरी डाग अजून गेलेला नाही.

उद्यमनगर लेथ

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रायफलीने नेमबाजी करतो. चामड्याच्या गादीवर माझा एकच आक्षेप आहे. ती काढून पुन्हा बांधली की दर वेळी तिथेच बसेल का? वादी आज घट्ट, उद्या सैल. मुलीने महिनाभर घेतलेली सवय तीन मिलिमीटर पुढे सरकलेल्या गादीने बिघडते, कारण स्टॉकची कड उताराची असते आणि गादी पुढे-मागे झाली की उंचीही बदलते.

यावरचा धातूचा उपाय माझ्याकडे आहे, पण तो या ठिकाणी चालणार नाही. माझ्या रायफलीच्या स्टॉकमध्ये मी ८ मिमीच्या दोन उभ्या दांड्या बसवल्या, त्यांना पितळी बुश केले आणि बाजूने ग्रब स्क्रू दिले. अॅलन की फिरवली की गालाचा तुकडा हवा तेवढा वर-खाली होतो. स्वप्निल कुसाळे यांनी पदक मिळवले त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन पोझिशनमध्ये खेळावे लागते आणि प्रत्येकीत डोके निराळे बसते, म्हणून त्या रायफलींना अशी सोय कारखान्यातूनच असते. माझे काम दिसायला सुरेख झाले होते. मात्र दोन्ही भोके मी लाकडाच्या एकाच रेषेवर आणि कडेच्या फार जवळ पाडली होती, बुशही ठोकून घट्ट बसवले होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, लाकूड फुगले आणि एका सकाळी पेटी उघडली तर मागच्या भोकापासून बटपर्यंत केसासारखी चीर गेलेली दिसली. ती रायफल माझी होती म्हणून मी गप्प बसलो. वर्गाच्या रायफलीला असे झाले असते तर तोंड दाखवता आले नसते. तेव्हा सरांची भोक न पाडण्याची अट अगदी योग्य आहे.

नंतर मी अॅल्युमिनियमच्या ३ मिमी पत्र्याचे, घोड्याच्या खोगिरासारखे दोन्ही बाजूंना उतरणारे एक चीक पीस केले. १२ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद पत्र्याचे वजन साठ ग्रॅमच्या आत येते. पण थंडीत सकाळी त्याला गाल लावणे नको वाटते, आणि त्यावर पुन्हा चामडे चिकटवायचे असेल तर पत्रा हवाच कशाला, असे माझे मलाच वाटले.

म्हणून ताई, गादी चामड्याचीच करा, परंतु तिला जागा दाखवणारा एक गेज करा. जाड पुठ्ठ्याची किंवा अॅक्रिलिकची पट्टी अशी कापा की तिचे एक टोक बट प्लेटला टेकेल आणि दुसरे टोक बरोबर गादीच्या मागच्या कडेवर येईल. बांधताना पट्टी लावायची, गादी तिला भिडवायची आणि मग वादी ओढायची. मात्र बट प्लेटची लांबी बदलली तर गेजही बदलेल, म्हणून शक्य असल्यास बट प्लेटला नव्हे तर स्टॉकच्या लाकडी टोकाला टेकेल असा कापा. आमच्या धंद्यात जॉब शंभर वेळा लावायचा असेल तर दर वेळी मोजत बसत नाहीत, एक स्टॉपर लावून मोकळे होतात. हेही तसेच आहे.

शाहूपुरी

माझा मुलगा दोन वर्षांपासून स्पर्धा खेळतो, त्यामुळे नियमांपुरते लिहितो. एअर रायफलीचे वजन साईटसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. चामड्याच्या गादीचे वजन त्यात धरले जाते, पण जुनी लाकडी रायफल मर्यादेच्या बरीच खाली असेल तर त्याची चिंता नको. घरच्या काट्यावर एकदा तोलून घ्या.

खरी काळजी वादीची घ्यावी लागेल. पुढचा हाताचा भाग, पिस्तूल ग्रिप आणि स्टॉकचा खालचा भाग यांवर पकड वाढवणारे साहित्य लावण्यास मनाई आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाने गादी सरकू नये म्हणून स्टॉकभोवती रबराची जाळी गुंडाळली होती, ती खालच्या बाजूनेही आली होती. साहित्य तपासणीच्या टेबलावर ती काढायला लावली आणि सामन्याच्या वीस मिनिटे आधी त्याची गादी निघून हातात आली. पोराने रडत-रडत सामना खेळला. म्हणून खालून जाणारी वादी गुळगुळीत आणि अरुंद ठेवा, खाली फेल्ट किंवा रबर येऊ देऊ नका, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी रायफल गादीसह तपासणीला दाखवा. दोन्ही मुली त्याच रायफलीने खेळणार असतील तर रायफल गादीसह आणि गादीशिवाय, दोन्ही प्रकारे दाखवलेली बरी.

जुना नेमबाज

शाहूपुरीकरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो माझ्या लक्षात यायला हवा होता. उद्यमनगरच्या गेजची कल्पनाही मी आमच्या मुलांसाठी उचलणार आहे.

ताई, एक भर घालतो. गादी झाल्यावर मुलीचा गाल तिच्यावर दाबला जातो आहे का, हे पाहा. उंची मिळाली की मुले उत्साहाने गाल रुतवतात, आणि बाजूने दिलेला तो दाब शॉट सुटताना रायफलीला ढकलतो. सरावानंतर गालावर लाल वळ उमटला असेल तर दाब जास्त आहे. डोक्याचे जेवढे वजन आपोआप येईल तेवढेच हवे.

कळंबा रोड

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. विलंबाबद्दल क्षमस्व, मध्ये सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

आधी सरांसमोर बट प्लेट पाहिली. ती सुमारे एक सेंमी खाली घेतल्यावर मुलीची मान सरळ झाली, आणि मी उगीच मॅट कापत बसले होते असे वाटले. त्याने प्रश्न पूर्ण सुटला नाही, पण तो लहान झाला. घरातल्या बावन्न पत्त्यांची जाडी १५.५ मिमी भरली. ताज्या मानेने दहापैकी सात वेळा कडी एकोणीस पत्त्यांवर मध्ये आली, आणि चाळीस शॉटनंतर एकवीस पत्त्यांवर. आम्ही वीस पत्ते, म्हणजे ६ मिमी धरले. येथे एक कबुली देते. पहिल्या दिवशी मी हीच चाचणी जॅकेटशिवाय घेतली होती आणि तेव्हा उत्तर अकरा पत्ते आले होते. त्या आकड्यावर गादी केली असती तर ती निम्म्याच उंचीची झाली असती.

चामडे मी चप्पल लाईनमधून आणले. दुकानदारांनी "कुठल्या मापाची चप्पल?" असे विचारले, आणि मी "गालाच्या मापाची" असे सांगितल्यावर त्यांनी काम बाजूला ठेवून पूर्ण हकिकत ऐकली. तळाचे अडीच मिलिमीटरचे दोन थर आणि वर एक मिलिमीटरचे अस्तर असा हिशेब जमला. फेल्टची जाडी मी विसरले होते. ती वेगळी पकडल्यावर एकूण सात मिलिमीटरहून जास्त होत होते, म्हणून त्यांनी खालचा थर रापीने तासून दिला. मी स्वतः छिलण्याचा प्रयत्न केला तेव्हा कड छिलण्याऐवजी कापली गेली, आणि त्यानंतर त्यांनी रापी माझ्या हातातून सौम्यपणे काढून घेतली. बाजूचा उतार त्यांनी असा उतरवला आहे की बोट फिरवले तरी चामडे कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होते हे कळायला क्षणभर थांबावे लागते. वाद्यांसह गादीचे वजन स्वयंपाकघरातील काट्यावर ६८ ग्रॅम भरले. वाद्या अरुंद आणि गुळगुळीत आहेत, खाली फेल्ट येत नाही.

गेज जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा केला आणि तो लाकडी टोकालाच टेकवला. मुलगी आता पट्टी लावून गादी दीड मिनिटात बांधते. पहिल्या आठवड्यात गालावर लाल वळ दिसत होता, तो सांगितल्यावर कमी झाला. शॉट वर-खाली पसरणे बरेच कमी झाले आहे. मात्र आता ते डावीकडे-उजवीकडे पसरतात, असे सर म्हणतात, आणि त्याचे कारण ट्रिगरवरचे बोट आहे. मान दुखत होती तोपर्यंत ते लपून राहिले होते.

एक अनपेक्षित गोष्ट घडली. "मला रायफल बरोबर बसते" असे म्हणणाऱ्या मैत्रिणीनेही गंमत म्हणून डोळे मिटून चाचणी घेतली, तर तिला सहा पत्ते लागले. ती वर्षभर डोके हलवून कडी मध्ये आणत होती आणि ते तिलाही ठाऊक नव्हते. तिची गादीही करायला टाकली आहे. तिला तळाचे चामडे लागणार नाही, अस्तर आणि फेल्ट मिळूनच उंची भरते. दोन्ही गाद्यांच्या आतल्या बाजूला नावाचे पहिले अक्षर ठोकून घेणार आहोत.

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटचा प्रश्न चप्पल लाईनच्या काकांना विचारते. काल सरावावरून येताना पावसात रायफलीची पेटी भिजली आणि वादी ओली झाली. ती सैल वाटते म्हणून मुलीने आणखी आवळली आहे. हे बरोबर आहे का?

चप्पल लाईन

नाही ताई, ती आजच सैल करा. चामड्याची वादी ओली झाली की ताणली जाते आणि वाळताना आटते. ओली असताना आवळलेली वादी वाळल्यावर लाकडात रुतेल आणि पॉलिशवर तिची रेघ उमटेल. गादी रायफलीवरून काढून, वाद्या मोकळ्या सोडून सावलीत पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चामडे कडक होऊन चिरते. पूर्ण वाळली की गेज लावून पुन्हा बांधा. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती पिशवीत ठेवा, आणि पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पेटीच्या आतला स्पंजही भिजला असेल, तो वाळल्याशिवाय रायफल आत ठेवू नका.

मैत्रिणीची गादी शनिवारी संध्याकाळी पाचनंतर तयार मिळेल. मापाचा कागद दुकानात माझ्यासमोरच आहे, त्यावर "सहा पत्ते" असे लिहिलेले पाहून कारागीर सकाळपासून हसत आहेत.